रशियातलं पेचोरी: तालुका म्हणायचं की जिल्हा? आणि तिथे जायला परवाना लागतो का?

रावपुरावाली:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे रेव्हेन्यूवाले, नकाशावाले, परदेश फिरून आलेले असे सगळे आहेत म्हणून विचारते. माझी भाची रशियात प्स्कोवला मेडिकलला आहे, तिसरं वर्ष. येत्या रविवारी त्यांचा ग्रुप पेचोरी म्हणून एक गाव आहे तिथला जुना मठ बघायला जातोय. ताईने (तिची आई, मांजलपूरला असते) फोनवर मॅप उघडून नाव टाकलं तर निघालं पेचोरा, पार उत्तरेला, आर्क्टिक सर्कलपासून फार लांब नाही असं, आणि मग रात्री साडेअकराला मला फोन की अगं ही पोरगी तिकडे जाऊन एका दिवसात परत कशी येणार आणि तिथे बर्फात अडकली तर. अर्धा तास समजावलं की ताई ते पेचोरा वेगळं, हे पेचोरी वेगळं, प्स्कोवपासून ५० किलोमीटर म्हणजे आपलं आणंदपेक्षा थोडंसंच पुढे. ती शांत झाली, आणि मग तिनेच झूम करून पाहिलं की हे गाव एस्टोनियाच्या बॉर्डरला अगदी चिकटून आहे. झालं, परत फोन.

आता मला विचारायचंय ते असं की ही भाची सांगते पेचोरी 'रायोन' आहे, प्स्कोव 'ओब्लास्त' आहे, आणि एका पाटीवर 'वोलोस्त' पण लिहिलेलं होतं, तर यात जिल्हा कुठला आणि तालुका कुठला? तिथे कलेक्टरसारखं कोणी असतं का, म्हणजे काही झालं तर कोणाकडे जायचं? बॉर्डरचा भाग म्हणून परवाना वगैरे लागतो का, आपल्याकडे कच्छला पांढरं रण बघायला भिरंडियाराला परमिट काढतो तसं? आणि शेवटचं, हे फक्त माझ्या कुतूहलापोटी, मॅपवर तिथे सीमेची रेघ एका ठिकाणी बुटासारखी बाहेर आलीये आणि एस्टोनियाचा रस्ता त्या बुटातून जातो. असं कोण आखतं?

आपण बडोद्याचे लोक, आपल्याला हद्द म्हटलं की फार तर हालोल, नाहीतर उमरगावच्या पलीकडे महाराष्ट्र. जाणकारांनी सांगावं.

अलकापुरीचा अण्णा:
आमच्या गल्लीतला खड्डा कोणाच्या हद्दीत येतो हे दोन वर्षं ठरत नाहीये आणि इथे रशियाचे तालुके चाललेत. चालू द्या, वाचतोय.

फतेगंजचा फिरस्ता:
ताई, मी पीटरला अडीच वर्षं होतो (सेंट पीटर्सबर्गला तिथले लोक पीतेरच म्हणतात), कामानिमित्त, आणि प्स्कोवकडे तीन चकरा झाल्यात त्यामुळे भूगोलाचं मी सांगतो, सरकारी कामकाजाचं काका सांगतील, ते इथे दिसतातच रोज.

पहिलं म्हणजे भाचीला म्हणावं थेट पेचोरीला जाऊ नका, वाटेत इझबोर्स्क लागतं ते सोडू नका. प्स्कोवपासून तीसेक किलोमीटर. गाव म्हणजे जेमतेम चार गल्ल्या पण जुन्या रशियन बखरीत इ.स. ८६२ च्या नोंदीत त्याचं नाव आहे, आणि टेकाडावर दगडी किल्ला आहे तो १३३० सालचा. किल्ल्याच्या मागून उतरलं की कड्यातून झरे फुटतात, त्यांना स्लोवेन्स्की झरे म्हणतात, लोक बाटल्या भरून नेतात, आणि खाली तळ्यात हंस. मी नोव्हेंबरमध्ये गेलो तेव्हा पाण्याला हात लावला आणि बोटं दहा मिनिटं माझी नव्हती.

जमीन कशी आहे विचाराल तर डोंगर नाहीत, पण सपाटही नाही, हिमयुगात बर्फाने ढकलून ठेवलेली बुटकी बुटकी टेकाडं, मधे दलदल, तळी, बर्च आणि पाइनची झाडं. जुन्या काळी हा भाग अळशीच्या धाग्यासाठी प्रसिद्ध होता, बियांसाठी नाही हं, लिननचं कापड करायचे. उत्तरेला प्स्कोव तलाव, तो पुढे पेइपस तलावाला मिळतो. सगळं मिळून ३,५०० चौरस किलोमीटरच्या वर पाणी आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि सीमेची रेघ त्या पाण्यातूनच जाते. तलावात स्नेतोक नावाचे बोटाएवढे मासे मिळतात, ते वाळवून सूपमध्ये घालतात, आपल्या कोकणातल्या सुक्या मासळीची आठवण येते, वाससुद्धा तसाच. हिवाळ्यात तलाव गोठतो आणि म्हातारे स्टूल घेऊन बर्फाला भोक पाडून दिवसभर गळ टाकून बसतात, बायकोपासून सुटका म्हणून बसतात असं माझा ड्रायव्हर म्हणायचा.

गावं मात्र बघवत नाहीत. लाकडी घरं, खिडक्यांना सुंदर नक्षी, आणि तीनातलं एक कुलूपबंद. तरुण सगळे पीटरला.

आता पेचोरी. नावाचा अर्थच गुहा. एका घळीत मठ आहे, म्हणजे तुम्ही वरून चालत येता आणि तटाच्या आत शिरलात की रस्ता खाली खाली उतरत जातो आणि एकदम निळे-सोनेरी घुमट डोळ्यांसमोर. १४७३ मध्ये तिथल्या डोंगराच्या पोटात पहिलं चर्च झालं. तट नंतरचा, सोळाव्या शतकातला. गुहांमध्ये दहा हजारांहून जास्त माणसं पुरलेली आहेत, मेणबत्ती हातात देतात आणि आत एका ओळीत नेतात, थंडी बारा महिने सारखीच. भाचीला सांगा डोक्याला स्कार्फ आणि लांब स्कर्ट, जीन्सवर गेली तर गेटवरून एक ओढणीसारखं कापड गुंडाळायला देतील, ते दिसायला भयंकर असतं आणि फोटो खराब होतात.

परवान्याचं नंतर लिहितो, मीटिंग आहे.

निवृत्त सर्कलकाका:
रावपुरावाली ताई, मी ३३ वर्षं महसुलात काढली, तलाठी म्हणून लागलो आणि सर्कल होऊन निवृत्त झालो, त्यामुळे दुसऱ्याच्या देशाचा कारभार वाचायची खोड आहे, बायको म्हणते आता तरी सोडा. जमेल तसं सांगतो.

तुम्ही जिल्हा कुठला तालुका कुठला विचारलंत तिथेच मेख आहे. आकड्यांवरून चाललात तर फसाल. प्स्कोव ओब्लास्त म्हणजे दर्जाने आपल्या राज्यासारखं, त्यांचा स्वतःचा गव्हर्नर, स्वतःची विधानसभा, क्षेत्रफळ ५५ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास म्हणजे गुजरातच्या पाव भागापेक्षा थोडं जास्तच. आणि लोक किती? १९८९ ला साडेआठ लाखांच्या जवळपास होते, २०२१ च्या जनगणनेत सहा लाखांच्याही खाली. आपलं बडोदं शहर एकटंच २०११ ला १६ लाख ७० हजार होतं. म्हणजे बडोद्याच्या निम्म्याहून कमी माणसं आणि त्यांच्यावर एक राज्य सरकार. त्या ओब्लास्तचे २४ रायोन, त्यातला एक पेचोरी. साधारण १,३०० चौरस किलोमीटर, गुजरातच्या सरासरी तालुक्याच्या पावणेदोन पट धरा. त्याच्या मुख्य गावात दहा-अकरा हजार लोक, म्हणजे आपल्याकडे ज्याला धड नगरपालिकाही मिळणार नाही. म्हणून मी म्हणतो रायोन म्हणजे तालुका. कोणी पुस्तकात जिल्हा असं भाषांतर केलेलं असतं, त्याने घोळ होतो, जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कलेक्टर कचेरी आणि वीस-पंचवीस लाख लोक येतात.

वोलोस्त हा शब्द वाचून मला तर आनंदच झाला. तो जुना झारच्या काळातला शब्द. १८६१ ला भूदासांची सुटका झाली त्यानंतर शेतकऱ्यांच्या गावांचा जो गट करायचे त्याची पंचायत म्हणजे वोलोस्त. वीसच्या दशकात सोव्हिएतांनी जुने उयेज्द (वोलोस्तच्या वरचा विभाग) आणि वोलोस्त मोडून रायोन केले, सगळीकडे शब्द मेला. प्स्कोववाल्यांनी मात्र सोव्हिएत गेल्यावर ग्रामीण पंचायतींना परत वोलोस्त म्हणायला घेतलं. माझे वडील गायकवाडी नोकरीत होते, त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत महाल, पेटामहाल, वहिवाटदार. बाकी जग तालुका आणि मामलतदार म्हणत होतं तरी. प्रांताचा सुभा, महालाचा वहिवाटदार, त्यांना विचारलंत तर त्यांनी ओब्लास्तला प्रांत, रायोनला महाल आणि वोलोस्तला पेटामहाल म्हणून मोकळे झाले असते. त्यांनाही माहीत असतं की पेटामहाल म्हणजे पंचायत नव्हे, पण माणसाला काहीतरी खुंटी लागते.

फरक कुठे आहे ते महत्त्वाचं. आपला मामलतदार वरून येतो, बदलीवर. तिथे रायोनला एक निवडून आलेली सभा असते, आणि एक 'ग्लावा' म्हणजे प्रमुख. शाळा, गावातले रस्ते, दिवे, कचरा, हे त्यांच्याकडे. पोलीस त्यांच्याकडे नाही, कर खातं नाही, आणि सीमा तर अजिबात नाही. ही सगळी खाती मॉस्कोला बांधलेली, स्थानिक कचेरी असली तरी हुकूम वरचा. तेव्हा ताई, काही झालं तर ग्लावाकडे जाऊन उपयोग नाही, पोलीस आणि भाचीच्या कॉलेजचं परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस, बस्स. आणि आपला दूतावास मॉस्कोला, कॉन्सुलेट पीटरला, तो नंबर फोनमध्ये ठेवू द्या.

एमेसयूचा मुशाफिर:
काका एक नम्र दुरुस्ती, तुमचं चित्र थोडं जुनं झालंय. २०१९ ला त्यांनी कायद्यात 'म्युनिसिपल ओक्रुग' असा प्रकार आणला आणि प्स्कोवकडच्या बऱ्याच रायोनचं गेल्या काही वर्षांत ओक्रुग झालंय. म्हणजे नकाशावर हद्द तीच राहते पण खालच्या वोलोस्तची स्वतःची सभा आणि स्वतःचं बजेट जातं, सगळं मुख्य गावातून चालतं. कारण साधं आहे, तीनशे म्हाताऱ्यांच्या वोलोस्तला सरपंच, कारकून, निवडणूक कशाला. २०२५ मध्ये तर देशभरासाठी नवा स्थानिक स्वराज्याचा कायदा आला त्यात हाच एकपातळीचा कारभार धरलाय. पाट्या मात्र जुन्या असणार म्हणून भाचीला वोलोस्त दिसलं.

आणि 'रायोन म्हणजे तालुका' याला माझी थोडी हरकत आहे पण भांडत नाही, जेवायला जातोय. बुटाचं आल्यावर लिहितो, तो माझा आवडीचा विषय, सिव्हिल सर्व्हिसेसच्या नादात दोन वर्षं फक्त सीमाच वाचल्यात.

निवृत्त सर्कलकाका:
बरोबर, ओक्रुगचं मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ग्रामपंचायती बुडवून सगळं तालुका पंचायतीत. आपल्याकडे कोणी केलं तर गावं पेटतील. तिथे पेटायला माणसंच नाहीत.

रावपुरावाली:
अरे वा, इतकं सगळं! काका, तुमचा पेटामहाल वाचून आजोबांची आठवण झाली, ते पण नवसारी प्रांत म्हणायचे, वलसाड डिस्ट्रिक्ट कधी म्हणाले नाहीत. फिरस्ता भाऊ, स्कार्फचं लगेच कळवलं, भाची म्हणते माझ्याकडे स्कर्टच नाहीये मावशी. बुटाची वाट बघतेय.

एमेसयूचा मुशाफिर:
आलो. बूट समजायला आधी थोडं मागे जावं लागेल, कंटाळा आला तर खाली उडी मारा.

पहिल्या महायुद्धानंतर एस्टोनिया स्वतंत्र झाला, आणि २ फेब्रुवारी १९२० ला तार्तू गावात सोव्हिएत रशियाशी तह झाला. त्या तहात पेचोरी एस्टोनियाला गेलं, त्यांनी त्याचं नाव पेत्सेरी ठेवलं आणि आजूबाजूच्या मुलखाची पेत्सेरी काउंटी केली. म्हणजे वीस वर्षं हा भाग रशियात नव्हताच. आता याचा मठाशी काय संबंध ते बघा, त्याच वीस वर्षांत सोव्हिएत रशियात मठ धडाधड बंद होत होते, आणि हा मठ कुंपणाच्या पलीकडे होता म्हणून वाचला. नंतर १९४० ला सोव्हिएतांनी एस्टोनियाच गिळला, मग जर्मन आले, मग १९४४ ला परत सोव्हिएत, आणि तेव्हा मॉस्कोने पेत्सेरी काउंटीचा बराचसा तुकडा एस्टोनियाकडून काढून नव्याने केलेल्या प्स्कोव ओब्लास्तला जोडला. १९४५ च्या जानेवारीत पेचोरी रायोन झाला. ख्रुश्चेवच्या काळात मठ बंद करायचा परत प्रयत्न झाला, तेव्हा तिथे अलीपी नावाचे मठाधिपती होते, महायुद्धात लढलेले, त्यांनी बंदीचा कागद जाळला अशी गोष्ट सांगतात. मठ काही बंद झाला नाही.

तर मुद्दा. १९४४ ला ही जी रेघ मारली ती देशाची सीमा म्हणून मारलीच नव्हती. दोन्हीकडे सोव्हिएत युनियन. म्हणजे गुजरात आणि मध्य प्रदेशमध्ये अलीराजपूरकडे जशी रेघ आहे तशी, खरं तर त्याहूनही फालतू. अमुक गावाची शेतं इकडे, तमुक गावाची तिकडे, जास्त एस्टोनियन लोक असलेली गावं तिकडे राहू दे. रस्ता दोनदा हद्द ओलांडतो का, कोण बघतो, बैलगाडी आहे जाऊ दे. आणि मग १९९१ ला एस्टोनिया परत स्वतंत्र, आणि ही कारकुनी रेघ एका रात्रीत दोन देशांमधली सीमा. २००४ नंतर तर युरोपियन युनियनची सीमा, २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनची, म्हणजे आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटाची. तालुक्याची हद्द होती हो, तिला वरची बढती मिळत गेली.

बूट म्हणजे साआत्से बूट. रशियाची साधारण ११५ हेक्टर जमीन, बुटाच्या आकाराची, एस्टोनियाच्या आत घुसलेली. वार्स्काकडून साआत्सेकडे जाणारा एस्टोनियाचा रस्ता त्यातून किलोमीटरभर जातो. अनेक वर्षं नियम असा होता की गाडीतून गेलात तर परवाना नको, व्हिसा नको, पण थांबायचं नाही, आणि चालत तर जायचंच नाही. टायर पंक्चर झाला की तुम्ही रशियात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे रस्त्यावर रशियाचे बंदुकधारी सैनिक उभे दिसले आणि एस्टोनियाने तो रस्ताच बंद केला.

याच्या उलट पण आहे. दुब्की नावाचं रशियाचं एक टीचभर गाव तलावाच्या काठावर आहे, जमिनीच्या बाजूने सगळीकडे एस्टोनिया. रशियातून जायचं तर पाण्यातून, हिवाळ्यात बर्फावरून.

मिटवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. मे २००५ मध्ये दोन्ही देशांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या, त्यात बुटाची जमीन एस्टोनियाला आणि तेवढीच दुसरीकडची रशियाला असं ठरलं होतं. एस्टोनियाच्या संसदेने मंजुरी देताना प्रस्तावनेत तार्तूच्या तहाचा उल्लेख घातला, रशियाला वाटलं उद्या हे लोक पेचोरी मागतील, सही मागे घेतली. फेब्रुवारी २०१४ ला परत सह्या. त्यानंतर काय झालं जगात ते माहीतच आहे, मंजुरी आजतागायत नाही. आपण आणि बांगलादेशने २०१५ ला १६२ चिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांची, अदलाबदल करून टाकली, हे दोघे ११५ हेक्टरवर अडलेत.

निवृत्त सर्कलकाका:
मुशाफिरभाऊ, 'फालतू रेघ' म्हणू नका, त्या रेघेवर माझं आयुष्य गेलं. हद्दीचा दगड हलला म्हणून दोन भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत. पण तुमचं म्हणणं खरं आहे, आम्ही हद्द मोजायचो तेव्हा आमच्या डोक्यात एवढंच असायचं की महसूल कोणाच्या खात्यात जमा होणार, ओढ्याच्या मधून धरायची की काठावरून. कोणी सांगितलं असतं की पन्नास वर्षांनी इथे कुंपण आणि बंदुका येणार आहेत तर साखळी खाली ठेवून घरी गेलो असतो.

आणि बुटाचं नवल बडोद्याच्या माणसाला वाटायला नको. गायकवाडांचं राज्य म्हणजे काय होतं, कडी एकीकडे, नवसारी दुसरीकडे, अमरेली काठियावाडात, ओखामंडळ तर पार समुद्राच्या टोकाला द्वारकेजवळ, मधे कुठे इंग्रजांचा मुलूख आणि कुठे पाच-पंचवीस संस्थानं. वडिलांची बदली अमरेलीला झाली तेव्हा इथून तिथे जाईपर्यंत किती हद्दी ओलांडल्या ते आजी बोटावर मोजायची आणि बोटं पुरायची नाहीत. आजही वापीच्या पलीकडे दादरा आणि नगर हवेलीच्या मधे मघवाल नावाचं गुजरातचं गाव अडकलेलं आहे ना. तिथे कोणी बंदूक घेऊन उभं नाही एवढाच फरक, फार तर दारूवाले पकडायला नाका.

अलकापुरीचा अण्णा:
काका, दारूचा विषय तुम्ही काढलात, मी नाही.

फतेगंजचा फिरस्ता:
मीटिंग संपली. परवान्याचं.

रशियात सीमेला लागून 'पोग्रानझोना' असते, सीमेचा पट्टा. साधारणपणे सीमेपासून पाच किलोमीटरपर्यंत, पण नेमका कुठून कुठपर्यंत ते हुकुमाने ठरतं, कुठे रस्ता ही हद्द असते, कुठे गावाची वेस. तो हुकूम एफएसबीचा (रशियाची सुरक्षा-गुप्तचर यंत्रणा), कारण २००३ पासून सीमेचे जवान त्यांच्याच ताब्यात आहेत. काका म्हणाले तसं रायोनच्या ऑफिसात जाऊन विचारलंत तर ते हात वर करतील. पट्ट्यात राहणाऱ्यांना त्यांच्या पत्त्याची नोंद पुरते, बाहेरून येणाऱ्याला पास, परदेशी माणसाला पास लागायचा तर अर्ज बरेच दिवस आधी. म्हणून भाचीने रविवारच्या आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात लिहून विचारावं की अमुक तारखेला पेचोरी गाव आणि मठ, दुसरं कुठे नाही, चालेल का. बोलण्यावर राहू नका, मेल घ्या. पासपोर्ट मूळ, झेरॉक्स नाही, व्हिसा, मायग्रेशन कार्ड, रजिस्ट्रेशनचा कागद, चारही जवळ.

आणि पोरांना कडक सांगा की मठ बघून झाल्यावर 'चला बॉर्डर बघू' असं करायचं नाही. पेचोरीच्या कडेलाच कुनिचिना गोरा नावाचा नाका आहे, समोर एस्टोनियाचं कोइदुला, चालत जाण्याइतकं जवळ, मोह होतो. रस्त्याकडेला पाटी दिसली की तिथेच मागे फिरायचं. खांब लक्षात ठेवा, रशियाचे लाल-हिरवे, एस्टोनियाचे निळे-काळे-पांढरे. आणि जंगलात एखादी पट्टी नांगरून ठेवलेली दिसली, पेरलेलं काहीच नाही, तर ते शेत नव्हे, पावलं उमटावीत म्हणून तशी ठेवतात. स्थानिक लोकसुद्धा मशरूम शोधता शोधता चुकून पलीकडे जातात आणि मग चौकशी. तलावाकडे तर फिरकूच नका, पाण्यातली रेघ कोणाला दिसत नाही.

फोनचं एक राहिलं. सीमेजवळ मोबाइल कधी कधी पलीकडचं नेटवर्क पकडतो. हिवाळ्यात एस्टोनियाचं घड्याळ एक तास मागे असतं, उन्हाळ्यात दोघांचं सारखं, त्यामुळे हिवाळ्यात फोन स्वतःच वेळ बदलतो आणि शेवटची बस चुकते. माझी चुकलेली आहे. बसस्टँडवर एका आजीबाईने मला लोणच्याची काकडी खायला दिली आणि अडीच तास तिच्या मुलाच्या घटस्फोटाबद्दल सांगितलं. ती सेतू होती.

रावपुरावाली:
सेतू म्हणजे?

फतेगंजचा फिरस्ता:
सेतू (किंवा सेतो) हे तिथले मूळचे लोक. भाषा एस्टोनियनच्या जवळची पण धर्म ऑर्थोडॉक्स, रशियनांसारखा, म्हणून दोघांनाही ते अर्धे परके. त्यांचा मुलूख या रेघेने बरोबर मधोमध कापला. पेचोरी हे त्यांचं बाजाराचं आणि देवाचं गाव, ते पेत्सेरीच म्हणतात. बायका छातीवर भलीमोठी चांदीची ढालीसारखी पिन लावतात आणि एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची अशी गाणी म्हणतात, 'लेएलो' नाव त्याचं, २००९ ला युनेस्कोच्या यादीत आलं, एस्टोनियाच्या नावावर. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या किंवा मंगळागौरीत एक सांगते आणि बाकीच्या उचलतात ना, ऐकताना मला तेच वाटलं, शब्द एक कळला नाही तरी.

मठाचा मोठा सण २८ ऑगस्टला. त्या दिवशी वाटेवर गवत आणि फुलं पसरतात. पूर्वी पलीकडचे सेतू नातेवाइकांच्या कबरींवर जेवण घेऊन यायचे, कबरीवर चादर पसरून सगळे जेवतात, त्यात गेलेल्यांचा पण वाटा. आता व्हिसा लागतो, नाका उघडा आहे का बघावं लागतं. त्या आजीबाईची आई इकडे पुरलेली आणि बहीण तिकडे राहते, १२ किलोमीटरवर म्हणाली. बहिणीला शेवटचं कधी पाहिलं विचारलं तर तिने काकडीची बरणी बंद केली आणि बस आली का बघायला उठली.

एमेसयूचा मुशाफिर:
हे पुस्तकात नसतं.

रावपुरावाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने कॉलेजला मेल टाकलाय, उत्तर आलं तरच जाणार, नाहीतर इझबोर्स्क करून परत, असं तिने कबूल केलंय. स्कर्ट तिच्या रूममेटचा मिळाला. फोनचं ऑटोमॅटिक टाइम बंद करायला सांगितलं ते तर फारच बरं झालं, ते आम्हाला कोणालाच सुचलं नसतं.

ताईला सगळं वाचून दाखवलं, रायोन, ओक्रुग, बूट, नांगरलेली पट्टी, सगळं. शांतपणे ऐकलं तिने. मग म्हणाली, ते सगळं ठीक आहे पण त्या मठात साबुदाण्याची खिचडी नाही पण निदान बिनमाशाचं काही मिळेल का, रविवारी एकादशी आहे.

फतेगंजचा फिरस्ता:
बकव्हीटची खिचडी मिळेल ताई, 'ग्रेच्का'. आणि गंमत म्हणजे बकव्हीट म्हणजे आपलं कुट्टू, उपासाला चालतं. फक्त कांदा घातलाय का ते विचारून घ्यायचं, रशियनमध्ये 'लूक', आणि 'बेझ लूका' म्हणजे कांद्याशिवाय.

अलकापुरीचा अण्णा:
बेझ लूका. लिहून ठेवलं. खड्डा अजून आहे.